मानवी तस्करी: कायदा काय म्हणतो आणि कोणाकडे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः महाराष्ट्रातल्या वाचकांचे आहेत: पालकांचे, शिक्षकांचे, गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांचे, कधी स्वतः अडकून सुटलेल्यांचे. कायदे बरेच आहेत आणि त्यातले काही कडकही आहेत. घोडं अडतं ते बहुतेक वेळा एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जाताना. म्हणून पुढच्या उत्तरांमध्ये कलमांइतकंच लक्ष कोणी कोणाला कळवायचं आणि कोणता कागद हातात घ्यायचा याकडे दिलं आहे.

कायद्याच्या भाषेत तस्करी कशाला म्हणतात? माणूस पळवून नेला तरच का?

नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये तीन गोष्टी एकत्र पाहिल्या जातात. पहिली, कोणी काय केलं: माणसाला भरती केलं, नेलं, लपवून किंवा ठेवून घेतलं, दुसऱ्याच्या हवाली केलं किंवा ताब्यात घेतलं. दुसरी, कसं केलं: धमकी, बळजबरी, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर किंवा पैशाचं आमिष. तिसरी, कशासाठी केलं: शोषणासाठी. लैंगिक किंवा शारीरिक शोषण, गुलामगिरी आणि तिच्यासारख्या प्रथा, जबरदस्तीने अवयव काढणं हे सगळं शोषणात येतं. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये नसलेली भीक मागायला लावण्याची गोष्ट नव्या संहितेत स्पष्ट लिहिली आहे.

राज्याची किंवा देशाची सीमा ओलांडलेलीच असली पाहिजे, अशी अट कुठेही नाही. एकाच तालुक्यात, एका गावातून दुसऱ्या गावात नेलं तरी गुन्हा होतो. बळी पडणारी व्यक्ती पुरुषही असू शकते, हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण तस्करी म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त मुली येतात.

ती स्वतःच्या मर्जीने गेली, घरच्यांनी पैसेही घेतले. मग गुन्हा कसा?

आरोपीचा वकील हाच मुद्दा सर्वांत आधी मांडतो आणि गावातली मंडळीही हेच बोलतात. कलम १४३ चं स्पष्टीकरण याबाबत निःसंदिग्ध आहे: तस्करीचा गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती गैरलागू आहे. ब्युटी पार्लरमध्ये काम मिळेल म्हणून मुलगी हौसेने गाडीत बसली आणि तिला कुंटणखान्यात पोचवलं, तर गाडीत बसण्याच्या हौसेला काही अर्थ उरत नाही. ज्याच्या ताब्यात ती आहे अशा माणसाला पैसे देऊन संमती मिळवणं हा तर कायद्याने नोंदवलेला तस्करीचा एक मार्गच आहे. पैसे घेणारा नातेवाईक त्यामुळे सुटत नाही, उलट त्याच्यावरही गुन्हा होऊ शकतो.

शिक्षा किती?

प्रौढ व्यक्तीच्या तस्करीला किमान ७ आणि कमाल १० वर्षं सक्तमजुरी. एकापेक्षा जास्त व्यक्ती असतील, किंवा एक अल्पवयीन असेल, तर १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. एकाहून अधिक मुलं असतील तर किमान १४ वर्षं. मुलांच्या तस्करीत दुसऱ्यांदा दोषी ठरलेला आणि तस्करीत गुंतलेला पोलीस किंवा अन्य लोकसेवक यांना उरलेलं संपूर्ण आयुष्य तुरुंगात काढण्याची शिक्षा आहे.

कलम १४४ वेगळं आहे. समोरची व्यक्ती तस्करीतून आणलेली आहे हे माहीत असूनही, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असूनही, तिचं लैंगिक शोषण करणाऱ्यासाठी ते आहे. बालक असेल तर ५ ते १० वर्षं, प्रौढ असेल तर ३ ते ७ वर्षं. म्हणजे गिऱ्हाईकही गुन्हेगार ठरू शकतो. वापर मात्र कमी होतो.

हा विषय केंद्राचा की राज्याचा?

दोघांचाही, आणि गोंधळाचं एक मूळ इथेच आहे. माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना संविधानाच्या अनुच्छेद २३ ने बंदी घातली आहे. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे मोठे कायदे संसदेने केले: अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियम १९५६, वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम १९७६, पॉक्सो (बालकांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण) २०१२, बाल न्याय अधिनियम २०१५. पण 'पोलीस' आणि 'सार्वजनिक सुव्यवस्था' हे विषय राज्य सूचीत आहेत. कायदा दिल्लीत होतो. धाड घालणारा निरीक्षक, वसतिगृहाचा अधीक्षक आणि सरकारी वकील हे मात्र राज्याचे असतात.

त्याशिवाय राज्यांनी आपापल्या प्रश्नांनुसार कायदे केले. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ सालीच कायदा झाला होता. कर्नाटकने १९८२ मध्ये आपला केला, आणि महाराष्ट्राचा 'देवदासी प्रथा (निर्मूलन) अधिनियम, २००५' आहे. गोव्याने २००३ मध्ये मुलांसाठी स्वतंत्र कायदा केला, कारण पर्यटनाच्या आडून होणारं मुलांचं शोषण ही तिथली मोठी डोकेदुखी होती. परदेशी पाठवण्याच्या नावाखाली लुबाडणाऱ्या एजंटांसाठी पंजाबने २०१२ मध्ये कायदा आणला. महाराष्ट्रात टोळी संघटित असेल तर मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) लावण्याचीही सोय आहे, आणि २०१७ चा साक्षीदार संरक्षण कायदा आहे. त्याच्याविषयी शेवटी बोलू.

तस्करीचा प्रतिबंध, सुटका आणि पुनर्वसन हे सगळं एकाच छताखाली आणणारं केंद्रीय विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत गेलं नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच रद्द झालं. त्यामुळे आजही चार-पाच कायद्यांचे तुकडे जोडूनच प्रकरण उभं करावं लागतं.

'पिटा' कायद्यात वेश्याव्यवसाय हाच गुन्हा आहे ना?

हा समज पोलीस ठाण्यातही आढळतो, तेव्हा बाहेर असला तर नवल नाही. 'पिटा' म्हणजे वर सांगितलेला १९५६ चा कायदा. कुंटणखाना चालवणं, त्यासाठी जागा देणं, दुसऱ्याच्या या कमाईवर जगणं, व्यक्तीला या धंद्यात आणणं, तिला डांबून ठेवणं हे त्यात गुन्हे आहेत. व्यक्तीला धंद्यात आणण्याबद्दल ३ ते ७ वर्षं, तिच्या इच्छेविरुद्ध असेल तर ७ ते १४ वर्षं आणि बालक असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. प्रौढ बाईने स्वतः हा व्यवसाय करणं मात्र या कायद्याने गुन्हा ठरवलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये तीन तरुणींच्या प्रकरणात हेच सांगितलं आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध सुधारगृहात डांबता येणार नाही म्हणून त्यांना मोकळं केलं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या व्यवसायातल्या बायकांना सन्मानाने वागवा आणि धाडीत त्यांना अटक करू नका, असे निर्देश दिले.

तरीही कायद्यात खटकणाऱ्या दोन जागा उरतातच. कलम ८ नुसार सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईकाला खुणावणं गुन्हा आहे, आणि कलम ७ नुसार देऊळ, शाळा, दवाखाना अशा ठिकाणांपासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करणं गुन्हा आहे. जिला फसवून आणलं, तीच या कलमांखाली आरोपी म्हणून उभी राहू शकते. माझ्या मते कलम ८ केव्हाच जायला हवं होतं. 'कमाईवर जगणं' या कलमाची भाषाही इतकी सैल आहे की त्या बाईची म्हातारी आई आणि सज्ञान मुलगाही त्यात ओढले जाऊ शकतात.

धाडीनंतर सुटका झालेल्या बाईचं पुढे काय होतं?

कागदावरचा क्रम असा. झडतीला किमान दोन महिला पोलीस हव्यात आणि पंचांमध्ये एक तरी स्त्री हवी. सुटका झालेल्यांना दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, वय आणि इजा यांची वैद्यकीय तपासणी करायची. दंडाधिकारी परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याकडून तिच्या घरची चौकशी करवतो आणि त्यासाठी पाच जणांच्या, शक्यतो महिला जास्त असलेल्या, समितीची मदत घेऊ शकतो. मग घरी पाठवायचं की संरक्षणगृहात हे ठरतं. संरक्षणगृहाची मुदत १ ते ३ वर्षं असू शकते. वय १८ च्या आत असेल तर मात्र प्रकरण बाल कल्याण समितीकडे जातं, आणि मुलाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीसमोर न्यावं लागतं.

घरच्या चौकशीच्या अहवालाकडे सर्वांनी डोळे उघडे ठेवून पाहावं. ज्या मामाने मुलीला पाठवलं, तोच तिला न्यायला कागद घेऊन हजर होतो, असं घडतं. अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने गावात जाऊन शेजारी आणि शाळा यांच्याशी बोलायला हवं. फोनवरून 'घरची परिस्थिती चांगली' असं लिहून टाकलं, तर ती मुलगी काही महिन्यांत दुसऱ्या शहरात सापडते.

आमची मुलगी हरवली आहे. पोलीस म्हणतात, पळून गेली असेल, दोन दिवस थांबा.

थांबायचं नाही. १८ वर्षांखालचं मूल हरवलं की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून एफआयआर नोंदवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. 'मिसिंग'ची नुसती नोंद पुरेशी नाही. ज्या ठाण्यात गेलात त्यांच्या हद्दीत घडलेलं नसलं, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवून पुढे पाठवता येतो. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नकार दिला तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्याकडे जाता येतं.

चार महिन्यांत मूल सापडलं नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी कक्षाकडे द्यायचा असतो. कक्षाकडे गेला का, हे पालकांनी चार महिन्यांनी स्वतः जाऊन विचारावं. आपोआप गेला असेल असं धरून चालू नये. सोबत मुलीचा अलीकडचा फोटो, शेवटी वापरलेले मोबाइल नंबर आणि सोशल मीडियावरचं खातं हे द्या. घरातला फोन 'बदनामी नको' म्हणून पुसून टाकू नका. तपासाचा मोठा धागा त्यातच असतो.

मानवी तस्करीविरोधी कक्ष म्हणजे काय? साध्या पोलीस ठाण्यापेक्षा वेगळं काय?

आपल्याकडे त्याला 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष' म्हणतात. काम तपासाचं आहे, पण अपेक्षा जोडणीची आहे: पोलीस, कामगार विभाग, महिला व बालविकास विभाग, बाल कल्याण समिती, सरकारी वकील आणि स्वयंसेवी संस्था यांना एकमेकांशी बोलतं ठेवायचं. २०२० मध्ये निर्भया निधीतून १०० कोटी रुपये देऊन देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत असे कक्ष उभारण्याची योजना झाली. त्याच वर्षी राज्याराज्यांच्या पोलिसांना गुन्ह्यांची माहिती तत्काळ देता-घेता यावी म्हणून राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने 'क्राय-मॅक' ही व्यवस्था सुरू केली. रेल्वे सुरक्षा दलाने २०२२ पासून 'ऑपरेशन आहट' चालवलं आहे, आणि हरवलेल्या मुलांसाठी पोलिसांचं 'ऑपरेशन मुस्कान' ठरावीक काळाने होतं.

अडचण कक्षाच्या अधिकाऱ्यांच्या बदल्यांची आणि मनुष्यबळाची आहे. तस्करीचा तपास गणपती बंदोबस्तातून उरलेल्या वेळात होत नाही. दलालाची साखळी तीन राज्यांत पसरलेली असते आणि ती समजून घ्यायला अधिकाऱ्याला वर्ष जातं, तेवढ्यात त्याची बदली होते. पिटा कायद्याच्या कलम १३ मध्ये विशेष पोलीस अधिकाऱ्याला सल्ला देण्यासाठी समाजकार्यातल्या पाच जणांपर्यंतच्या मंडळाची तरतूद आहे. संस्थांनी आपल्या जिल्ह्यात हे मंडळ आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारून पाहावं. उत्तर वाचण्यासारखं असतं.

मुलगी पश्चिम बंगालमधून किंवा बांगलादेशातून आणलेली असेल तर?

गुन्हा महाराष्ट्रात, घर तिकडे, दलाल मधल्या तिसऱ्याच राज्यात. अशा वेळी दोन्ही राज्यांच्या पोलिसांनी तपासात एकत्र यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असे गुन्हे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडेही सोपवता येतात. बांगलादेशाबरोबर भारताने २०१५ मध्ये तस्करी रोखण्याबाबत सामंजस्य करार केला आहे. तरी राष्ट्रीयत्वाची पडताळणी, प्रवासाचा परवाना आणि न्यायालयाची परवानगी यांत महिने जातात. तोवर मुलगी निवारागृहात. तिला परदेशी नागरिक कायद्याखाली आरोपी न करता पीडित म्हणून नोंदवणं हे पहिल्या जबाबातच ठरतं. म्हणून तिची भाषा येणारा दुभाषी पहिल्या दिवशीच हवा.

मुकादमाकडून उचल घेतली आणि आता तो सोडत नाही. हीसुद्धा तस्करी आहे का?

ऊसतोड, वीटभट्टी, कोळशाची भट्टी, तिन्हीकडे हा प्रश्न आहे. उचल घेणं हा गुन्हा नाही. त्या उचलीच्या जोरावर माणसाला बाहेर जाऊ न देणं, हिशेबच न दाखवणं, बाईला किंवा पोराला तारण म्हणून ठेवून घेणं, किमान वेतनापेक्षा कमीवर राबवून घेणं, यातून वेठबिगारी सुरू होते. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करावं लागलेलं काम अनुच्छेद २३ खाली सक्तीचं काम ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच म्हटलं आहे.

१९७६ च्या कायद्यानुसार वेठबिगाराचं कर्ज रद्द होतं. कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते, मजुरावर नाही. सुटका आणि चौकशी जिल्हाधिकाऱ्यांकडून होते, प्रत्यक्षात प्रांत किंवा तहसीलदार येतात. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समित्या असतात. इथे सर्वांत मौल्यवान कागद म्हणजे मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सुटल्याचा सरकारी दाखला. त्यावर पुनर्वसनाची रक्कम अवलंबून आहे: प्रौढ पुरुषाला १ लाख, स्त्रिया आणि मुलांना २ लाख, तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या टोकाच्या प्रकरणात ३ लाख रुपये. यातली ३० हजारांपर्यंतची तातडीची मदत लगेच मिळू शकते, बाकीची रक्कम खटल्याशी जोडलेली आहे. अधिकारी पुष्कळदा 'मजुरीचा वाद' म्हणून हात झटकतात आणि उचलीची थकबाकी फेडायला सांगून मजुराला पाठवून देतात. प्रमाणपत्र दिलं नाही तर नकाराचं कारण लेखी मागा.

तस्करीचं कलम १४३ इथे लागतं का? 'सक्तीची मजुरी' हे शब्द त्याच्या स्पष्टीकरणात नाहीत, पण 'शारीरिक शोषण' आणि 'गुलामगिरीसदृश प्रथा' आहेत. मुकादमाने फसवून भरती करून नेलं असेल तर ते कलम लावायला पोलिसांना आग्रहाने सांगावं. पोरं असतील तर बालकामगार आणि बाल न्याय कायद्याची कलमंही लागतात.

परदेशात नोकरीची ऑफर आली आहे. फसवणूक कशी ओळखायची?

थायलंड, म्यानमार, कंबोडिया, लाओस इथे 'डेटा एंट्री'च्या नावाने नेलेल्या भारतीय तरुणांना ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबून काम करायला लावलं जातं. परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल वारंवार सावध केलं आहे. या जाळ्यात इंग्रजी येणारी, संगणक चालवणारी, शिकलेली मुलं सापडतात. नोकरी असूनही पर्यटक व्हिसावर पाठवत असतील, पगार अवाच्या सव्वा सांगत असतील, मुलाखत फक्त चॅटवर झाली असेल, तर थांबा. एजंट ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पाहा. नोंदणीकृत एजंट सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. अडकलात तर तिथल्या भारतीय दूतावासाशी किंवा 'मदद' पोर्टलवर संपर्क साधा. सुटून परतलेला तरुण इथे आरोपी नाही, साक्षीदार आहे. त्याला गप्प बसवणारा एजंट अजून गावातच असतो.

मूल होत नाही. ओळखीच्या दवाखान्यातून 'दत्तक' मिळतंय, घ्यावं का?

नाही. दत्तक फक्त कारा या केंद्रीय प्राधिकरणाच्या ठरलेल्या प्रक्रियेतून. बाल न्याय कायद्यात मुलांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि दवाखान्यातला कर्मचारी गुंतला असेल तर शिक्षा ३ ते ७ वर्षं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दवाखान्यातून नवजात बाळाची तस्करी झाली तर त्याचा परवाना निलंबित करावा, असं सांगितलं.

शेजारच्या फ्लॅटमध्ये किंवा ढाब्यावर संशय आला तर काय करू?

मूल असेल तर १०९८, तातडीचा धोका असेल तर ११२, बाईचा प्रश्न असेल तर १८१, रेल्वेत १३९. स्वतः आत शिरून सुटका करायला जाऊ नका. दलाल सावध होतो, मुली रातोरात हलवल्या जातात आणि पंचनामा कुचकामी ठरतो. गाडीचा नंबर, वेळ, ये-जा करणारे लोक, इतकं टिपून ठेवा. लॉज किंवा हॉटेलचालकांना विशेष सूचना: मुलाच्या लैंगिक शोषणाची माहिती असून कळवली नाही, तर पॉक्सोच्या कलम २१ खाली तुम्हीच आरोपी होऊ शकता. सुटलेल्या मुलीचा फोटो किंवा नाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं हाही गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी.

वकील परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार तस्करी किंवा वेठबिगारीच्या पीडितांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, हेल्पलाइन १५१००. नुकसानभरपाईचा अर्जही तिथेच करता येतो, आणि त्यासाठी आरोपीला शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही.

साक्ष द्यायला मुलगी घाबरते. घर बंगालमध्ये आणि खटला इथे.

बहुतेक खटले याच टप्प्यावर पडतात. मुलगी घरी जाते, लग्न होतं, समन्स येतं तेव्हा सासरी कोणालाच काही माहीत नसतं. म्हणून तिचा जबाब सुटकेनंतर लवकर दंडाधिकाऱ्यासमोर नोंदवून घ्यावा, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८३ त्यासाठी आहे. तस्करीच्या बालपीडितांनी आपल्या जिल्ह्यातूनच व्हिडिओद्वारे साक्ष द्यावी, यासाठीची कार्यपद्धती सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केली. सज्ञान झालेल्या मुलींसाठीही सरकारी वकील व्हिडिओ साक्षीची मागणी करू शकतो, पण आधी कोणीतरी त्याच्याकडे जाऊन ती करायला सांगावं लागतं. धमक्या येत असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या साक्षीदार संरक्षण कायद्याखाली संरक्षणाचा अर्ज करा. अर्जाला धमकीच्या कॉलची नोंद, संदेश आणि ठाण्यात दिलेल्या तक्रारीची पोच जोडा.